ढिवरांची विद्या वहीत उतरू द्या!

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली म्हणजे तलावांचा मुलूख. येथील जुन्या मालगुजारी तलावांना लोक ‘मामा तलाव’ म्हणतात. बांध घालणाऱ्या कोहळी समाजाचे नाव आदराने घेतले जाते. पण पाण्याच्या आत काय चालले आहे हे ज्यांना ठाऊक, ते ढिवर बांधव मात्र उपेक्षितच राहिले.

त्यांच्याजवळ विद्या आहे, असे आम्ही म्हणतो. होय, विद्याच! पाण्यावर तांबूस पिल्लांचा थवा दिसला की ढिवर ओळखतो, मरळीची जोडी खाली राखणीला आहे. मरळ वर येऊन हवा घेते, म्हणून थोड्या पाण्यातही तगते. वाम, मांगूर चिखलात कोठे दडतात, पहिल्या पावसात कोणते मासे अंडी घालायला उथळ पाण्याकडे चढतात, कोणत्या पाणवनस्पतीत कोणाचा आसरा, हे सारे त्यांना पाठ. हे धडे कोणत्या शाळेत मिळतात?

१९५७ साली हिरालाल चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंजेक्शन देऊन कार्प माशांचे प्रजनन यशस्वी केले. पुढे रोहू, कटला, मृगळ तलावोतलावी पोचले. उत्पन्न वाढले, हे आम्ही नाकारत नाही. पण हे मासे तलावाच्या साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. बीज पुन्हा पुन्हा विकत आणावे लागते. मरळ, मांगूर तेथेच वाढणारे. तरी ते बिजाचे शत्रू ठरले. बीज वाढवण्याच्या तळ्यांत मोहाची पेंड टाकून त्यांना मारण्याची रीत पडली. त्यात काठांवर बेशरम माजली. गरिबाच्या हंडीतला फुकटचा मासा आटला. मासा गेला की त्याचे नावही जाते.

यावर उपायही ढिवरांनीच दाखवला. या भागातील काही गावांत त्यांनी बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती लावल्या. या कामात भगिनी मागे नव्हत्या.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी समिती व लोकजैवविविधता नोंदवही सांगितली आहे. तुमच्या गावच्या नोंदवहीत ढिवर स्त्रीपुरुषांनी सांगितलेली माशांची नावे आहेत काय? ग्रामसभेत विचारा. नसतील तर शिकलेल्या मुलामुलींनी वही घेऊन म्हाताऱ्यांजवळ बसावे, आणि सांगणाऱ्याचे नावही खाली लिहावे. ज्याचे ज्ञान, त्याचा मान!