पद्मिनीच्या पोटाखाली

मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे दूध घालायला येणारा पोरगा एकदा सकाळी सकाळी ओरडलाच, "आजी, गाडीखाली कुणीतरी पडलंय!" सासूबाई ओसरीवर गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पडलं नाही रे बाबा, आमची सून हाय. ऊन व्हायच्या आत निघते बाहेर."

तर मैत्रिणींनो, ते बाहेर दिसणारे दोन पाय माझे. दीड महिना रोज सकाळी साडेपाच ते साडेआठ मी एका जुन्या प्रीमियर पद्मिनीखाली उताणी पडून गंज खरवडत होते. अंगात ह्यांचा जुना शर्ट, डोक्याला टॉवेल, खाली तरट. गल्लीतल्या बायकांना महिनाभर विषय पुरला.

गाडी मामंजींची. १९९१ साली घेतलेली. नंबर अजून एमएच-२२, म्हणजे परभणीचा. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला, त्याच्या आधीची ती. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर कंपनीची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या म्हणजे हीच गाडी. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली, तेव्हा पेपरात फोटो आले होते. सासूबाईंनी तो कागद कापून देवघराच्या कप्प्यात ठेवला. मला तेव्हाच कळायला हवं होतं, की हे प्रकरण भंगारात जाणार नाही.

मामंजी गेल्यावर धाकटे दीर म्हणाले, विकून टाका. भंगारवाल्याने वीस हजार सांगितले. सासूबाई बोलल्या काहीच नाहीत, फक्त त्या दिवशी जेवल्या नाहीत. मग ह्यांनी विषय सोडला. गाडी गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली उभी राहिली, आणि खरं नुकसान तिथेच झालं. गाडी पळण्यापेक्षा उभी राहून जास्त सडते, हे मला पुढे कळलं.

गंजाचं गणित आपल्याला काही नवं नाही. रात्री ओला तवा तसाच पालथा घातला तर सकाळी लाल होतो. विळी पुसून तेलाचं बोट फिरवतो ती त्यासाठीच. लोखंडाला हवा आणि पाणी दोन्ही मिळालं की गंज धरणारच, आणि त्यात मीठ किंवा खत मिसळलं तर चौपट वेगाने. मामंजी डिकीतून युरिया, पोटॅशची पोती आणायचे, हळदीची पोती न्यायचे. पोटॅश म्हणजे तर एक प्रकारचं क्षारच. शेजारी गोठा, खाली शेण-मुताची ओल. आणि आपली काळी माती! चाकाच्या वरच्या पोकळीत ती अशी लिंपून बसते, की उन्हाळ्यातसुद्धा आतून दमट. मी पहिल्या दिवशी नुसती मातीच काढली, दोन घमेली भरली.

एक कबूल करते. हे काम मी हौसेने घेतलं नव्हतं. नोंदणीचं नूतनीकरण राहिलं होतं. खासगी गाडीची पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी ते करावं लागतं, आणि गाडी तपासणीला न्यावी लागते. म्हणून आमच्या ओळखीच्या जुन्या मेकॅनिक चाचांना बोलावलं. त्यांनी हातोडीची लाकडी मूठ घेतली आणि गाडीखाली जाऊन ठोकत सुटले. आपण माठ घेताना टिचकी मारून बघतो ना, अगदी तसं. खण्ण वाजलं की पत्रा चांगला, बद्द वाजलं की गेला. मागच्या डाव्या सीटखाली आले तेव्हा आवाजच झाला नाही. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, तर तो सरळ आत गेला. काढला तेव्हा त्या भोकातून गाडीतला उजेड दिसला.

ती जागा सासूबाईंची. तीस वर्षं त्या तिथेच बसत आल्या.

मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. २०१९ मध्ये नणंदेच्या मुलीच्या लग्नाआधी आम्ही एका ठिकाणी गाडीचं 'खालून पूर्ण काम' करून घेतलं होतं. पैसे मोजले होते. केलं काय होतं, तर गंजावरच लांबी भरून वरून डांबरासारखा काळा रंग फासलेला. वरून चकचकीत. पिकलेल्या जखमेवर घट्ट पट्टी बांधल्यासारखं. आत पाणी अडकलं आणि बाहेरून काही दिसेना. त्याच गाडीतून आम्ही पाच जण नवरीसकट नांदेडला गेलो होतो. चाचा म्हणाले, "भाभी, ह्या गाडीला वेगळी चासी नसती. हा पत्राच तिचा सांगाडा. ट्रकचा पत्रा सडला तर खाली चासी असती, हिच्यात खाली रस्ता."

मग म्हटलं, आता दुसऱ्याच्या हाती द्यायचंच नाही. वेल्डिंग चाचांनी करावं, खरवडणं मी करीन. हे म्हणाले, "तुला जमायचं नाही." ह्या एका वाक्याने माझी बरीच कामं झाली आहेत.

चाचांनी पहिली अट घातली: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधी जायचं नाही. जॅक उचलायला असतो, तोलून धरायला नव्हे. त्यांनी लोखंडी घोड्या आणून चारी बाजूंनी लावल्या, विटा किंवा सिमेंटचे ठोकळे नकोच म्हणाले, ते अचानक फुटतात. बॅटरीची वायर काढली. घोड्या लावल्यावर गाडी हाताने हलवून बघायची आणि मगच खाली जायचं. मी दीड महिन्यात एकदाही हे चुकवलं नाही. चुकले ते दुसरीकडे. चौथ्या दिवशी गॉगल वरती राहिला, "एवढंसं तर आहे" म्हणून तशीच खरवडायला लागले आणि पोपडा सरळ डोळ्यात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी कण काढला, दोन दिवस पट्टी. सासूबाईंनी त्या दोन दिवसांत गॉगलला नाडी शिवून दिली आणि रोज स्वतः बांधायला लागल्या.

काम किचकट खरंच. आधी पटाशीने काळा थर आणि गंजाचे पापुद्रे उडवायचे. पापुद्रे म्हणजे अक्षरशः खारीच्या बिस्किटासारखे. लोखंड गंजलं की फुगतं, मूळच्या पत्र्यापेक्षा कितीतरी जाड होतं, म्हणून वाटतं अजून भरपूर पत्रा आहे. झाडलं की हातात निम्माही उरत नाही. मग तारेचा ब्रश, मग ग्राइंडरला लावलेला तारेचा कप, कोपऱ्यात पॉलिश पेपर. लाईट गेली की ग्राइंडर बंद, पुन्हा हातानेच. तोंडाला मास्क हवाच. पहिल्या दिवशी ओढणी बांधली होती तर नाक आतून लाल निघालं.

सगळ्यात मोठा शोध मात्र गाडीच्या आत लागला. रबरी मॅट उचलली तर खाली तरट, ते कुजलेलं. पुढच्या काचेचं रबर वाळून चिरलं होतं, तिथून पावसाचं पाणी झिरपून मॅटखाली बसायचं. म्हणजे पत्रा खालून नव्हे, वरून सडत आला होता. शिवाय दारांच्या खाली जो पोकळ पट्टा असतो त्याला पाणी निघायला बारीक भोकं असतात. ती मागच्या कारागिराने त्या काळ्या रंगाने बुजवून टाकलेली. मी ती दाभणाने एकेक मोकळी केली. एका बाजूने वाटीभर गढूळ पाणी आलं, एप्रिल महिन्यात!

एक गोष्ट मिळाली ती तर धसका भरवणारी होती. मागच्या ब्रेकची पोलादी नळी मातीच्या थराखाली इतकी गंजली होती की बोटाने कपचे निघत होते. ती फुटली असती तर ब्रेकचं तेल गळून पायाखालचा ब्रेक पोकळ. चाचांनी ती पूर्ण बदलली. मुख्य म्हणजे हे काळ्या रंगाखाली दिसलंच नसतं.

सडलेला पत्रा चाचांनी चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढला. वेल्डिंगच्या आधी पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवली, आतल्या गाद्या बाहेर, हाताशी पाण्याची बादली आणि ओलं पोतं. सासूबाईंच्या जागेखाली ताटाएवढं ठिगळ बसलं.

उरलेल्या बारीक गंजावर, जो ब्रशने निघत नाही, त्यावर औषध लावायचं. रंगाच्या दुकानात रस्ट कन्व्हर्टर म्हणून मिळतं. आपण लोखंडी कढईत आवळा भिजवतो, केसांना लावायला, तो काळाकुट्ट होतो ना? आवळ्यातलं टॅनिन लोखंडाशी मिळून काळं होतं. काही औषधं याच तत्त्वावर असतात, काहींत फॉस्फोरिक आम्ल असतं. माझं दुसऱ्या प्रकारातलं. हातमोजे घालून ब्रशने लावलं, दुसऱ्या दिवशी लाल पत्रा काळपट-करडा. गंजाचं रूपांतर लोखंडाच्या फॉस्फेटमध्ये होतं आणि तो थर घट्ट धरून बसतो. दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं उघड्यावर उभा आहे त्याचं कारणही तसंच. कानपूरच्या आयआयटीतले प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिलं, की त्या लोखंडात फॉस्फरस जास्त असल्याने त्यावर फॉस्फेटचा संरक्षक थर तयार झाला. हे मी घरात सांगितलं तर लेक म्हणाली, "आई, म्हणजे आपली गाडी पण सोळाशे वर्षं?" जाड पापुद्र्यावर मात्र हे औषध ओतून उपयोग नाही, ते खालपर्यंत पोचत नाही.

त्यावर प्रायमर. गेट-खिडक्यांना आपण रेड ऑक्साइड मारतो, पण तेवढ्यावर गाडीखाली भागत नाही. मी इपॉक्सी प्रायमरचे दोन हात दिले, सांध्यांत सीलर भरला आणि शेवटी खालून कोटिंग. सायलेन्सर, ब्रेकच्या नळ्या आणि ती पाण्याची भोकं कागद-चिकटपट्टीने झाकून. मेच्या उन्हाचा एवढा उपयोग मला आयुष्यात कधी झाला नव्हता, थर दणादण वाळत होते. पूर्वी इकडे पावसाळ्याआधी गाडीला खालून जळक्या ऑइलचा फवारा मारायचे. चाचा म्हणतात गंज धरत नाही हे खरं, पण रबरं फुगून जातात आणि ऑइल शेवटी आपल्याच जमिनीत मुरतं.

खर्च भंगाराच्या किमतीपेक्षा जास्त झाला, हे लपवत नाही. दिरांनी फोनवर हिशेब विचारला, मी सांगितला. ते म्हणाले, "वहिनी, वेडेपणा आहे." असेल.

नूतनीकरण झालं. श्रावणात औंढ्या नागनाथाला निघालो. हे चालवायला बसणार म्हणून मी मागचं दार उघडून धरलं. सासूबाई त्यांच्या जागेशी थांबल्या, वाकून खाली मॅट उचलून ठिगळ बघितलं, चपलेने दाबून बघितलं. मग म्हणाल्या, "इथं आता तू बस. इतकी वर्षं मागं बसून त्यांची नुसती टोपीच पाहिली मी. पुढं रस्ता कसा दिसतो ते बघू दे." आणि पदर सावरून पुढे जाऊन बसल्या. वाटेत दोनदा ह्यांना गिअर बदलायला सांगितलं, दोन्ही वेळा बरोबर.

परतताना जोराचा पाऊस लागला. दुसऱ्या दिवशी मी टॉर्च घेऊन खाली गेले. भोकं मोकळी होती, ठिगळ कोरडं होतं. उजव्या मागच्या चाकाच्या वर, एका सांध्याशी, मोहरीएवढा लाल ठिपका मात्र दिसला. पॉलिश पेपर आणायला उठले, तर सासूबाई दारात गॉगल घेऊन उभ्या.