आजीला उठू द्या

घरातलं वयस्कर माणूस पडलं की पहिला प्रश्न येतो, "कशावरून घसरलात?" मग फरशी ओली होती का, पायपुसणं सरकलं का, चप्पल गुळगुळीत झाली होती का, असा तपास सुरू होतो. पडलेल्या माणसालाही नीट सांगता येत नाही. "काही कळलंच नाही, एकदम खालीच," एवढंच उत्तर मिळतं. म्हातारपणी माणसं का पडतात याबद्दलचं वैद्यकशास्त्राचं ज्ञानही बरीच वर्षं अशाच उत्तरांवर उभं होतं. पडणं प्रत्यक्ष पाहिलेलं कुणी नसे. असे ते क्षणभराचं, आणि सांगणाऱ्याची आठवण धूसर.

कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाचे स्टीफन रॉबिनोविच यांनी ही अडचण कॅमेऱ्यांनी सोडवली. ब्रिटिश कोलंबियातल्या दोन वृद्धनिवासांच्या जेवणाच्या खोल्या, बैठकीच्या जागा आणि व्हरांडे यांत त्यांनी कॅमेरे बसवले. २००७ ते २०१० या काळात १३० जणांची २२७ पडणी चित्रित झाली. प्रत्येक चित्रफीत तज्ज्ञांनी पुन्हापुन्हा पाहिली आणि माणूस पडण्याच्या आधी नेमकं काय करत होता, तोल कशाने गेला, याची नोंद केली. २०१३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. घसरून पडलेले होते फक्त ३ टक्के. पाय अडखळून पडलेले २१ टक्के. आणि सर्वांत मोठा गट, ४१ टक्के, असा होता की ज्यांच्या वाटेत काहीच आलं नव्हतं. त्यांनी स्वतःच्याच शरीराचा भार चुकीच्या बाजूला टाकला होता.

आपल्याकडच्या ओल्या मोऱ्या आणि न्हाणीघरं त्या चित्रफितींत नव्हती, त्यामुळे ३ टक्के हा आकडा जसाच्या तसा उचलू नये. पण ४१ टक्क्यांचा अर्थ मात्र कुठल्याही घरात लागू पडतो. ओट्यापाशी उभ्या असलेल्या सत्तरीच्या बाई डोळ्यांसमोर आणा. चहाचं पातेलं उतरवून त्या मागच्या टेबलाकडे वळतात. खांदे वळतात, कंबर वळते, पण पाय अजून ओट्याकडेच आहेत. तिशीत असं झालं तर एक पाऊल आपोआप बाजूला पडतं आणि आपल्याला ते कळतही नाही. सत्तरीत ते पाऊल उशिरा पडतं, आखूड पडतं, किंवा दुसऱ्याच पायात अडकतं. चित्रफितींतली कितीतरी माणसं चालत नव्हतीच. ती नुसती उभी होती किंवा खुर्चीत बसायला जात होती.

हे पाऊल उशिरा का पडतं? उभं राहणं म्हणजे स्थिर राहणं नव्हे. उभा माणूस सतत किंचित हेलकावत असतो. डोळे, कानाच्या आतली तोलाची इंद्रियं आणि तळपाय-घोट्यांतून येणाऱ्या संवेदना या तिघांकडून मेंदूला क्षणाक्षणाला बातमी मिळते आणि स्नायू दुरुस्ती करत राहतात. वयाबरोबर तिन्ही बातम्या मंदावतात. मधुमेहाने तळपायाची संवेदना गेली असेल तर त्यांतली एक जवळजवळ बंदच होते. शिवाय स्नायूंमधले झटकन आकुंचन पावणारे तंतू आधी झिजतात. म्हणून जिना चढण्याइतकी ताकद शिल्लक असूनही झटक्यात पाऊल टाकण्याचा वेग गेलेला असतो. त्याच कॅमेऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. पडताना चारांपैकी जवळजवळ तिघांनी हात टेकला होता, तरीही ३७ टक्के वेळा डोकं आपटलं होतं. हात पुढे आला, पण बहुधा शरीराचा भार पेलण्याइतका बळकट नव्हता. त्यामुळे व्यायामाची गोष्ट निघाली की पायांबरोबर दंडांचाही विचार करायला हवा.

तोल सांभाळायला मेंदूचं लक्षही लागतं. स्वीडनमधल्या उमेओ इथल्या संशोधकांनी १९९७ मध्ये अगदी साधी गोष्ट करून पाहिली. वृद्धनिवासातल्या ५८ जणांबरोबर चालता चालता ते बोलू लागले. बोलायला सुरुवात होताच १२ जण चालायचे थांबले. दोन्ही गोष्टी एकदम जमेनात. पुढच्या सहा महिन्यांत त्या बारांपैकी दहा जण पडले. ही चाचणी कुणालाही घरी करता येते. बाजारात बरोबर चालताना आईला काही विचारलं आणि उत्तर देण्यासाठी ती दरवेळी थबकत असेल, तर ते गप्पांचं लक्षण समजू नका.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात. अपघाती मृत्यूंमध्ये रस्ते-अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो. आणि जी दगावत नाहीत, त्यांच्यापैकी अनेकांचं आयुष्य खुब्याचं हाड मोडल्यानंतर पलंग, वॉकर आणि दाराची कडी एवढ्यात आखडतं. मला जास्त अस्वस्थ करते ती मात्र पडण्याआधीची एक गोष्ट. एकदा पडलेलं, किंवा पडेल अशी भीती असलेलं माणूस घरच्यांच्या मायेने हळूहळू बसवून ठेवलं जातं. "आजी, तू उठू नकोस, मी आणून देते." पाणी हातात, ताट हातात, पूजेचं तबकसुद्धा खुर्चीपाशी. येल विद्यापीठाच्या मेरी टिनेटी यांनी ऐंशी-नव्वदच्या दशकांत या विषयाचा पाया घातला. पडण्याची भीती ही स्वतःच एक मोजण्यासारखी, उपचार करण्यासारखी अडचण आहे, हे त्यांनी दाखवलं. भीतीने हालचाल कमी होते, हालचाल कमी झाली की पाय दुबळे होतात आणि दुबळे पाय खरोखरच पाडतात.

बसून राहण्याची किंमत किती? अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं. खाणंपिणं व्यवस्थित, आजार काही नाही. दहा दिवसांत त्यांच्या पायांचं जवळजवळ एक किलो मांस झडलं आणि गुडघा सरळ करण्याची ताकद १५ टक्क्यांच्या आसपास घटली. साध्या तापासाठी आठवडाभर रुग्णालयात राहून आलेले आजोबा घरी परतल्यावर जिना का चढू शकत नाहीत, याचं उत्तर यात आहे.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. १९९० मध्ये बॉस्टनच्या हिब्रू रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये मारिया फियाटारोन यांनी दहा अतिशय अशक्त वृद्धांना आठवड्यातून तीनदा पायांनी वजन उचलायला लावलं. सरासरी वय नव्वद. वजनही नावापुरतं नव्हतं. ज्याला जेवढं जास्तीत जास्त उचलता येईल, त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत ते नेलं होतं. आठ आठवड्यांत पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट झाली. दोघांची काठी सुटली. व्यायाम थांबवल्यावर मात्र चार आठवड्यांत ताकद ३२ टक्क्यांनी घसरली. नव्वदीतला स्नायूही सांगितलेलं ऐकतो, पण त्याला सतत सांगत राहावं लागतं. 'आता या वयात कसला व्यायाम' हे वाक्य तेव्हाच निकालात निघायला हवं होतं. पस्तीस वर्षं झाली, आपल्या घरांत ते अजून रोज ऐकू येतं.

ताकदीइतकाच तोलाचा सरावही लागतो. न्यूझीलंडमध्ये जॉन कॅम्पबेल आणि क्लेअर रॉबर्टसन यांनी आखलेल्या ओटागो कार्यक्रमात फिजिओथेरपिस्ट घरी येऊन व्यायाम शिकवतो : घोट्याला वजन बांधून पाय उचलणं, टाचेला अंगठा लावून एका रेषेत चालणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं. त्यांच्या चाचण्यांत पडण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी घटलं. २०१९ मध्ये कॅथरिन शेरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी अशा १०८ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत २३ हजारांहून अधिक माणसं होती. व्यायामाने पडण्याचं प्रमाण सरासरी २३ टक्क्यांनी कमी होतं, असं त्यांना आढळलं. नुसत्या चालण्याने ते कमी होतं असा स्पष्ट पुरावा मात्र मिळाला नाही. बागेत रोज फेऱ्या मारणाऱ्या ज्येष्ठांनी हे जरूर लक्षात घ्यावं. फेऱ्या हृदयाला, साखरेला, मनाला चांगल्याच आहेत. तोलासाठी वेगळं काहीतरी करावं लागतं, आणि त्यात तोल थोडा धोक्यात यायला हवा.

तोल धोक्यात घालण्याचा सर्वांत धाडसी प्रयोग शिकागोत झाला. यी-चुंग पाई, तन्वी भट्ट आणि सहकाऱ्यांनी ६५ वर्षांवरच्या माणसांना छताला टांगलेल्या सुरक्षापट्ट्यात बांधून चालवलं आणि पायाखालची पट्टी न सांगता सरकवली. एकाच बैठकीत २४ वेळा. पुढच्या वर्षभरात त्यांच्या पडण्याचा धोका निम्म्यावर आला. शरीराला घसरणं ओळखता येतं, आणि सावरायचं कसं हे ते लक्षात ठेवतं. ही यंत्रणा गल्लोगल्ली असणार नाही, आणि पट्ट्याशिवाय हा प्रयोग कुणी घरी करूही नये.

ब्राझीलचे डॉ. क्लॉडिओ जिल अराउजो यांची चाचणी मात्र आपल्या ओळखीची आहे. जमिनीवर बसायचं आणि उठायचं. बसण्याचे ५ गुण, उठण्याचे ५. हात टेकला, गुडघा टेकला, मांडीवर हात ठेवून जोर दिला, की दरवेळी एक गुण वजा. तोल डळमळला तर अर्धा. २०१२ मध्ये त्यांनी ५१ ते ८० वयाच्या २,००२ जणांचे निष्कर्ष मांडले. तीन किंवा त्याहून कमी गुण मिळालेल्यांमध्ये पुढच्या सहा वर्षांतला मृत्यूचा धोका आठ किंवा त्याहून जास्त गुण मिळालेल्यांच्या पाचपट होता. यावरून जमिनीवर बसल्याने आयुष्य वाढतं असा निष्कर्ष काढणं चूक आहे. उठता न येणं ही खूण आहे. स्नायू, सांधे, तोल, वजन या सगळ्यांचा हिशेब ती एकदम दाखवते. शिवाय तिथली माणसं आपल्यासारखी जन्मभर मांडी घालून जेवलेली नाहीत, तेव्हा त्यांचे गुण आपल्याला सरसकट लावता येणार नाहीत.

तरीही यात आपल्यासाठी काहीतरी आहे. पाटावरची पंगत, जात्यावरचं बसणं, अंगणात उकिडवं बसून भांडी घासणं या सगळ्यांत दिवसातून कितीदा तरी जमिनीवरून उठणं व्हायचं. व्यायाम म्हणून ते कुणी करत नव्हतं. जेवणाचं टेबल, सोफा, उंच पलंग आणि कमोड आले आणि एका पिढीत हे उठणं नाहीसं झालं. गुडघे झिजलेल्या माणसाने हट्टाने उकिडवं बसावं, असं माझं मुळीच म्हणणं नाही. त्याला कमोड आणि शेजारी भिंतीत घट्ट बसवलेला दांडाच हवा. पण ज्यांचे गुडघे धड आहेत त्या पन्नाशी-साठीच्या माणसांनी दिवसातलं एक जेवण तरी जमिनीवर घ्यायला काय हरकत आहे?

औषधांबद्दल दोन शब्द, कारण इथे चुका सहज होतात. झोपेच्या गोळ्या, रक्तदाबाची आणि प्रोस्टेटची काही औषधं यांनी उठून उभं राहताना रक्तदाब उतरू शकतो किंवा डोळ्यांपुढे अंधारी येते. पहाटे लघवीला उठताना माणसं पडतात त्यामागे हे असू शकतं. ऑस्ट्रेलियात २,२५६ वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदाच 'ड' जीवनसत्त्वाचा पाच लाख युनिटचा डोस देऊन पाहिला. फायदा व्हायचा, तर उलट त्या १५ टक्के जास्त पडल्या आणि हाडंही २६ टक्के जास्त मोडली. म्हणून आपल्याकडे सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या साठ हजार युनिटच्या पुड्या स्वतःच्या मनाने सुरू ठेवू नयेत. मोतीबिंदू मात्र लांबणीवर टाकू नये. इंग्लंडमधल्या एका चाचणीत पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया लवकर झालेल्या स्त्रियांमध्ये पडण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी झालं.

हाडाचे, हृदयाचे, साखरेचे डॉक्टर वेगवेगळे असतात आणि 'गेल्या वर्षात पडलात का?' हा प्रश्न त्यांच्यापैकी कुणीच विचारत नाही, असं बहुतेक घरांत घडतं. घरचं माणूसही सांगत नाही, कारण सांगितलं की फिरणं बंद होईल ही धास्ती असते. तेव्हा पुढच्या तपासणीला जाताना गोळ्यांची सगळी पाकिटं एका पिशवीत घालून न्या. रक्तदाब बसून आणि उभं राहून, दोन्ही वेळा मोजायला सांगा. हाड मोडलं नसलं तरी पडल्याचं सांगा. आणि घरी आल्यावर आजी पाण्याचा तांब्या आणायला उठली, तर शेजारी उभे राहा, पण तिला उठू द्या.