औंधचे राजे आणि त्यांनी सोडलेली सत्ता

औंध आणि औंढा या दोन नावांत पुष्कळांची गल्लत होते. आपले शिरड शहापूर औंढा नागनाथ तालुक्यातले. आज आम्ही ज्या राजाविषयी बोलणार आहोत तो औंधचा, म्हणजे सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यातला. उभी हयात हमाल-मापाड्यांच्या संघटनेत घालविलेल्या माणसाला राजेरजवाड्यांचे काय पडले आहे, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात अधिक झाले. त्या वाचनात हा एक राजा असा भेटला की, त्याच्या चरित्राचा आमच्या धंद्याशी, म्हणजे हक्क मिळविण्याच्या धंद्याशी, थेट संबंध आहे.

भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ चा. त्यांच्या घराण्याकडे प्रतिनिधिपद आले ते छत्रपती राजाराम महाराजांच्या काळापासून. १९०९ साली बाळासाहेब गादीवर बसले. संस्थान लहान : सुमारे पाचशे चौरस मैल, बहात्तर गावे, आणि तीही औंध, आटपाडी, कुंडल, गुणदाळ अशी तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेली. परंतु राजा हौशी आणि कष्टाळू. स्वतः चित्रे काढी, कीर्तन करी, सूर्यनमस्कार घाली आणि प्रजेकडूनही घालवून घेई. चित्ररामायण त्यांनी स्वतः रंगविले. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीस त्यांनी मोठे साह्य केले. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून उठावे लागले तेव्हा १९१० साली कुंडलजवळचे माळरान त्यांना दिले. त्याच माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि लोखंडी नांगर शेतकऱ्यांच्या हाती पडला. १९३५ च्या इंदूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

एवढ्यावर गोष्ट संपती, तर एक गुणग्राहक संस्थानिक म्हणून त्यांना नमस्कार करून आम्ही पुढे गेलो असतो. खरी गोष्ट १९३८ ची. आपल्या मराठवाड्यात त्या वर्षी काय चालले होते ते आठवा. सप्टेंबरात हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली, आणि पुढच्याच महिन्यात सत्याग्रही तुरुंगात जाऊ लागले. आमच्या आजोबांच्या पिढीला जबाबदार राज्यपद्धती हा शब्द उच्चारण्याचीही चोरी होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात सत्तरी गाठलेल्या औंधच्या राजाने जाहीर केले की, राज्यकारभार प्रजेच्या हाती देणार. राजपुत्र आप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन सेवाग्रामला गेले. गांधीजींनी घटनेच्या मसुद्यात स्वतः लक्ष घातले, आणि २१ जानेवारी १९३९ रोजी ती अमलात आली. तिचा पाया गाव हा होता : गावाने निवडलेली पंचायत, तीवर तालुक्याची सभा, तीवर संस्थानचे विधिमंडळ. गावचे तंटे गावात तुटावेत, वसुलाचा वाटा गावच्याच कामी खर्च व्हावा आणि राजाने नेमून दिलेल्या रकमेत भागवावे, असा एकंदर रोख होता.

त्याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत निघाली. तेथे शिक्षा झालेले कैदी भिंतीवाचून राहत आणि शेती करीत. 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ चा बोलपट तिच्यावरून सुचला. बेचाळीसच्या लढ्यात कुंडल हे नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे मोठे ठाणे झाले. भूमिगतांना औंधच्या हद्दीत आसरा मिळे.

आता आमच्या मुद्द्याकडे येतो. आमच्या उमेदवारीत एका जिनिंगचे मालक फार दयाळू होते. दर दिवाळीला हमालांना एक पगार जास्त देत. आम्ही म्हटले, हे कागदावर आणू. हमाल म्हणाले, देवमाणसाला कागद कशाला मागायचा? मालक वारले, आणि मुलाने पहिल्याच दिवाळीला हात आखडला. आमच्यापाशी दाखवायला चिटोराही नव्हता. दया माणसाबरोबर जाते, हे त्या वर्षी आम्ही शिकलो. औंधच्या राजाचा मोठेपणा तो दयाळू होता यात नाही. आपल्या हातांनी आपलेच हात बांधणारा कायदा त्याने केला, यात आहे.

तथापि कायदाही पुरा पडत नाही. ८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई राज्यात विलीन झाले आणि नऊ वर्षांची ती घटना संस्थानाबरोबर संपली. विलीनीकरण योग्यच होते. परंतु बहात्तर गावांनी जे अधिकार वापरून पाहिले होते ते मोठ्या राज्याने त्यांच्यापाशी ठेवले नाहीत. बाळासाहेब १९५१ साली वारले. आप्पासाहेब पुढे भारताचे वकील म्हणून देशोदेशी गेले.

ब्रह्मदेशातील शान मुलखाची कहाणी याहून कठोर आहे. तेथील संस्थानिकांनी १९५९ साली वंशपरंपरेचे अधिकार सोडले. त्यांतील सीपॉच्या साव च्या सेंग यांनी तर आपली भातशेती कसणाऱ्यांना देऊन टाकली होती. मार्च १९६२ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली, त्यांना धरून नेले, आणि ते पुन्हा घरी आले नाहीत. राजाने सोडलेली सत्ता उचलून धरायला संघटित प्रजा नसली, तर ती बंदूकवाल्याच्या हाती पडते.

आपल्याकडे ते झाले नाही. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतीला आणि ग्रामसभेला देशाच्या राज्यघटनेत जागा मिळाली. औंधच्या बहात्तर गावांत जे करून पाहिले होते त्याच्याच जातीची ही गोष्ट. आता तिला एका राजाच्या नव्हे, साऱ्या देशाच्या सहीचा आधार आहे. कागद झाला आहे. तो वापरणे तेवढे उरले. शिरड शहापूरच्या मागच्या ग्रामसभेस आपल्यापैकी कितीजण हजर होते, हे ज्याने त्याने घरी जाताना आठवून पाहावे.