अंथरूण आहे, पण झोप नाही

रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला जागणे वेगळे. तो निद्रानाश नव्हे. निवांत वेळ असूनही डोळा लागत नाही किंवा पहाटे ३ लाच उघडतो, असे आठवड्यातून ३ रात्री, ३ महिने चालले आणि दिवसा कामात लक्ष लागेना, तर तो जुना निद्रानाश समजावा.

दुकानातून परस्पर गोळ्या आणू नयेत. दारू तर नकोच. तिने लागलेली झोप मध्यरात्री मोडते. समुपदेशक आधी झोपेची वही लिहायला लावतो. ८ तास पडून ५ ते ६ तासच झोप होत असेल, तर तो अंथरुणावरचा वेळच ६ तासांवर आणतो आणि झोप सलग होऊ लागली की थोडाथोडा वाढवतो. उलटे वाटते खरे. पण ताण दिल्याशिवाय बहार फुटत नाही, हे डाळिंबवाल्यांना काय सांगावे! सुमारे २० मिनिटांत झोप न आल्यास उठून बाहेर बसावे. उठण्याची वेळ रोज एकच. गुण यायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला दिवसा पेंग येते, तेव्हा ट्रॅक्टर वा मळणीयंत्रावर जाऊ नये.

झोपेबरोबर जगणेही नकोसे वाटत असेल, तर वही-बिही राहू द्या. त्याच घटकेला १४४१६ हा ‘टेली-मानस’चा क्रमांक लावा. मोफत आहे, रात्रीही चालू असतो.