जावयाचा कर आणि लेकीचा परवाना

आपल्या गावांतली शिकलेली मुले आता दूरदेशी जातात. कोणी अमेरिकेत नोकरी धरतो आणि तिथलाच होऊन जातो. मग गावी येतो, लग्न करतो, अन् परत जातो. बायको मागे राहते. परवाना आला की तिने जायचे. शेजारीपाजारी रोज विचारतात, "आला का परवाना?" महिन्यावर महिने जातात. शेवटी चौकशी केली तर कधी कधी असे निघते, की जावयाने कराचा कागदच भरलेला नाही!

तुम्ही म्हणाल, "कर नवऱ्याचा. त्यात बायकोचा काय गुन्हा?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर नीट समजून घेऊ.

सोसायटीचे कर्ज काढायचे तर जामीन लागतो. जामिनाची ऐपत नुसती तोंडी सांगून भागत नाही. सात-बाराचा उतारा दाखवावा लागतो. अमेरिकेचे सरकारही तसेच करते. बायकोला तिथे कायम राहण्याचा परवाना हवा असेल, तर नवऱ्याने आधी लिहून द्यायचे, की हिच्या पोटापाण्याचा भार मी उचलीन. या परवान्याला ग्रीन कार्ड म्हणतात. लिहून देण्याच्या कागदाला आपण जामीनखत म्हणू. त्याचा नमुना आय-८६४ या क्रमांकाचा आहे. नवरा तिथला नागरिक किंवा कायमचा रहिवासी असला, तरच तो असे जामीनखत देऊ शकतो.

ऐपत किती हवी? तिथले सरकार दर वर्षी गरिबीची रेषा ठरवते. घरात माणसे जास्त, तर रेषा वर. नवऱ्याची मिळकत निदान त्या रेषेच्या सव्वापट पाहिजे. सैन्यात नोकरीवर असलेल्याला रेषेइतकी पुरते.

आता मिळकतीचा पुरावा कोणता? कराचे विवरणपत्र. त्यालाच रिटर्न म्हणतात. अमेरिकेत कराचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर असते. त्याचा रिटर्न पुढच्या वर्षी १५ एप्रिलच्या सुमारास भरायचा असतो. आधी अर्ज केला तर ऑक्टोबरपर्यंत मुदत वाढवून मिळते. पण ही वाढ कागद भरण्यापुरती असते, पैसे भरण्यापुरती नाही.

जामीनखताला सर्वांत अलीकडच्या वर्षाचा रिटर्न जोडावाच लागतो. कायद्याने भरायला हवा होता आणि भरला नाही, तर आधी तो मागचा रिटर्न भरून मोकळे व्हावे लागते. तोवर जामीनखत अपुरे. मिळकत इतकी थोडी की रिटर्न भरणे सक्तीचेच नव्हते, तर तसे कारण लिहून द्यावे लागते.

इथे एक भेद ध्यानात ठेवा. उशिरा भरणे वेगळे आणि न भरणे वेगळे. उशिरा का होईना, भरलेला रिटर्न चालतो. दंड मात्र बसतो. समजा, कर देणे राहिला. रिटर्न न भरल्याबद्दल दर महिन्याला साधारण ५ टक्के दंड चढतो. तो साधारणपणे २५ टक्क्यांपर्यंत जातो. पैसे थकल्याचा दंड आणि व्याज निराळे. हाती पैसे नसले तरी रिटर्न भरावा. पैशांसाठी हप्ते मागता येतात.

कागद अपुरे असले तर काम कुठे अडते? मुलाखत मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत होते. अधिकारी सांगतो, "कागद आणा, मग पुढे पाहू." अर्ज तिथेच थांबतो. एक वर्ष काहीच हालचाल केली नाही, तर अर्ज रद्द होऊ शकतो. मग सगळे पहिल्यापासून! तहान लागल्यावर विहीर खणून कसे चालेल?

दुसरी एक चूक होते. लग्न होऊनही कोणी रिटर्नमध्ये "अविवाहित" असे लिहितो. ३१ डिसेंबरला लग्न झालेले असेल, तर कर खाते त्याला साऱ्या वर्षासाठी विवाहित धरते. एका कागदावर बायको आहे, दुसऱ्यावर नाही, असे दिसले की अधिकाऱ्याला शंका येते. दुरुस्तीचा रिटर्न भरून ही चूक सुधारता येते. खोटा कागद मात्र कधीही करू नये. त्याने लेकीची वाट कायमची बंद होऊ शकते.

तिथे पोचल्यावरही हे संपत नाही. लग्नाला दोन वर्षे झाली नसतील, तर पहिले कार्ड दोनच वर्षांचे मिळते. पुढे लग्न खरे आहे हे दाखवावे लागते. तेव्हा नवराबायकोने मिळून भरलेला रिटर्न हा चांगला पुरावा ठरतो.

नवऱ्याची मिळकत कमी पडली, तर तिथे राहणारा दुसरा नागरिक किंवा कायमचा रहिवासी जामीन होऊ शकतो. त्यालाही आपला रिटर्न दाखवावा लागतो. गावात राहणारा बाप इथली शेती दाखवून जामीन होऊ शकत नाही. आणि जामीन होणे हे लग्नात अक्षता टाकण्याइतके सोपे नाही. बाई तिथली नागरिक होईपर्यंत, किंवा तिच्या नावे सुमारे दहा वर्षांचे काम जमा होईपर्यंत, ते बंधन राहते. घटस्फोट झाला तरी सुटत नाही.

म्हणून लग्न ठरवताना, निदान अर्ज करताना, जावयाला चार गोष्टी विचारा :

१. गेल्या वर्षीचा रिटर्न भरला का?
२. मागचा एखादा राहिला आहे का?
३. त्यात विवाहित असे लिहिले का?
४. कर खात्याचा उतारा काढला का? तो फुकट मिळतो.

विचारायला संकोच करू नका. आपण जमीन घेताना उतारा पाहतो. इथे तर लेक द्यायची आहे. आता तुम्हाला वाचता येते. उताऱ्याची प्रत मागवा. तो इंग्रजीत असेल, तर जाणत्याकडून मराठीत लिहून घ्या, आणि स्वतः वाचा.