जॅग्वारला 'खरा' का म्हणावे लागले?

जॅग्वार या नावाचा अर्थ 'एका झेपेत भक्ष्य मारणारा' असा पुस्तकांतून सर्रास दिलेला असतो. अर्थ झोकदार आहे, जनावराला शोभतोही. पण तो पटत नाही. शब्द दक्षिण अमेरिकेतल्या तुपी-ग्वारानी भाषांमधला. आपल्याकडे जॅग्वार म्हटले की आधी मोटार आठवते (2008 पासून ती टाटांची, म्हणून थोडी घरचीही), तसे पाराग्वेत 'जाग्वा' म्हटले की आठवतो दारातला कुत्रा. रानातल्या जनावराला तिथले ग्वारानी बोलणारे लोक 'जाग्वारेते' म्हणतात, आणि त्यातल्या 'एते'चा अर्थ खरा, अस्सल. ज्या शब्दात झेप आणि मरण ठासून भरलेले आहे, तो घराची राखण करणाऱ्या कुत्र्याला इतक्या सहज कसा चिकटेल? झेपेची गोष्ट मागाहून, जनावराचा पराक्रम पाहून रचलेली दिसते. तो पराक्रमही खरे तर झेपेत नाही, जबड्यात आहे. दबा धरून तो अगदी जवळून हल्ला करतो, आणि इतर मोठी मांजरे नरडे धरतात तिथे हा अनेकदा कवटीच फोडतो. पान्तानालच्या पाणथळ प्रदेशात केमन मगरीही त्याच्या दातांतून सुटत नाहीत.

मग मूळ अर्थ काय? माझ्या मते तो बराच सैल होता : शिकार करून खाणारे जनावर. मराठीत 'वाघ' हा शब्द असाच सैल आहे. कोकणातल्या माणसाने 'रात्री वाघ आला होता' म्हटले तर तो बहुधा बिबट्याच असतो, आणि वाघाची ओळख पटवायला 'पट्टेरी' किंवा 'ढाण्या' जोडावे लागते. ब्राझीलमध्ये ओसेलोट या लहान ठिपकेदार मांजराला 'जाग्वातिरिका' म्हणतात. म्हणजे 'जाग्वा' एकट्या जॅग्वारचा नव्हता. अँडीजमध्ये कुत्रे आधीपासून होते, पण ब्राझीलच्या किनाऱ्यावर घरोघरी कुत्रे दिसू लागले ते मुख्यतः युरोपीयांच्या आगमनानंतर. या दातवाल्या पाहुण्याला हाताशी असलेला शब्द मिळाला, आणि गावात रोज दिसणाऱ्याने तो हळूहळू बळकावला. रानातल्या मूळ मालकाला मात्र 'खरा' हे बिरुद लावून ओळख सांगावी लागली.

यावर कोणी म्हणेल, शब्द आधी कुत्र्याचाच असेल आणि मांजर हा 'थोरला कुत्रा' ठरला असेल. पण 1648 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्राझीलच्या निसर्गवर्णनात गेऑर्ग मार्कग्राफने याच मांजराला शेपूट न जोडता, नुसते 'जाग्वारा' म्हटले आहे. 'एते' हा निव्वळ जोर देणारा प्रत्यय आहे, असाही आक्षेप घेता येईल. तसा तो वापरलाही जातो. पण मग प्रश्न उरतोच, की जोर देण्याची गरज का पडली? नुसत्या शब्दाने काम भागत होते तोवर पडली नसती.

उपऱ्यांनी तर आपली नावे सोबतच आणली होती. स्पॅनिश लोकांनी त्याला 'तिग्रे' म्हटले, पोर्तुगीजांनी 'ओन्सा'. हा ओन्सा मूळचा लिंक्सच्या नावावरून आलेला. फ्रेंचांनी पहिला 'ल' उपपद समजून गाळला आणि उरला तो शब्द पुढे चालला. 1514 मध्ये पोर्तुगालच्या राजाने पोप दहाव्या लिओला हत्तीसोबत होर्मुझहून आलेला एक शिकारी 'ओन्सा' पाठवला होता, म्हणजे ते नाव तेव्हा आशियातल्या ठिपकेदार मांजराच्या अंगावर होते. लिनेयसने 1758 मध्ये तेच शास्त्रीय नावात घालून जॅग्वारला कायमचे बहाल केले, तर त्याच घराण्यातले 'उन्सिया' हिमबिबट्याकडे गेले. मेक्सिकोत याहून उलटे घडले. नाहुआत्ल भाषेत जॅग्वारचे नाव होते 'ओसेलोत्ल'. 18व्या शतकात फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँने ते उचलून लहान मांजराला दिले, आणि आज जग त्यालाच ओसेलोट म्हणते.