रान आणि रस्ता
(क्वीन्सलंडच्या वर्षावनांतील मोटारप्रवास)

ऑस्ट्रेलिया म्हटलें म्हणजे रखरखीत वाळवंट व उड्या मारणारे कांगारू हेंच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. हें चित्र अपुरें आहे अशी खात्री करून देणारा एक हिरवागार प्रदेश त्या खंडाच्या ईशान्य किनाऱ्यावर, क्वीन्सलंड प्रांतांत पसरलेला आहे. टाउन्सव्हिलपासून कुकटाउनपर्यंत सुमारें ४५० किलोमीटर लांबीच्या ह्या पट्ट्यांतील वर्षावनांची गणना १९८८ सालीं जागतिक वारशांत झाली. त्याचें क्षेत्रफळ सुमारें ९,००० चौरस किलोमीटर, म्हणजे खंडाच्या हजाराव्या हिश्शाहून किंचित् अधिक. तथापि ऑस्ट्रेलियांतील पक्ष्यांच्या जातींपैकीं सुमारें दोन-पंचमांश जाती येथें आढळतात. विद्यार्थिमित्रहो, ह्या प्रदेशांतील राष्ट्रीय उद्यानें मोटारीनें कशीं पाहतां येतात, आणि तीं पाहतांना कोणता प्रश्न मनांत बाळगावा, हें आम्ही प्रस्तुत लेखांत सांगणार आहों.

प्रथम नकाशा पुढें घ्यावा. आपला सह्याद्रि पश्चिम समुद्राकडे तोंड करून उभा आहे. म्हणून कोंकणांत धो धो पाऊस पडतो आणि पूर्वेकडील माणदेश कोरडा राहतो. क्वीन्सलंडमध्यें हीच रचना आरशांत पाहिल्यासारखी उलट आहे. तेथें समुद्र पूर्वेस आहे. आग्नेयेकडून येणारे वारे समुद्रावरील बाष्प घेऊन डोंगरांवर आदळतात, हवा वर चढून थंड होते व पाऊस कोसळतो. त्यांत डिसेंबरपासून मार्चपर्यंत मोसमी पावसाची व चक्रीवादळांची भर पडते. टली नांवाच्या गांवीं वर्षास सरासरीनें सुमारें ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो. १९५० सालीं तेथें ७,९०० मिलिमीटर पाऊस झाला. त्याचें स्मारक म्हणून गांवकऱ्यांनीं तितक्याच उंचीचा, ७.९ मीटरांचा, सोनेरी रंगाचा पावसाळी बूट उभारला आहे! अर्थात् प्रवासास मे ते ऑक्टोबर हे महिने सोयीचे.

केर्न्स शहर हें प्रवासाचें ठाणें समजावें. तेथून दक्षिणेस निघालें म्हणजे उजव्या हातास वूरूनूरन राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर दिसूं लागतात. त्यांतील बार्टल फ्रेअर हें क्वीन्सलंडमधील सर्वांत उंच शिखर सुमारें १,६०० मीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या कळसूबाईएवढें, उंच आहे. हें नांव आपणांस परकें नाहीं. १८६२ ते १८६७ पर्यंत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेले सर बार्टल फ्रेअर ह्यांचेंच नांव १८७३ सालीं ह्या शिखरास देण्यांत आलें. परंतु तेथील मूळ रहिवासी त्यास त्यापूर्वींपासून चूरीचिलम म्हणत आले आहेत. पायथ्याशीं जोसेफीन नांवाचा सुंदर धबधबा आहे. तेथें एक सावधगिरी अवश्य बाळगावी; माथ्यावर पाऊस झाला कीं, खालीं ऊन असतांनाहि पाणी एकाएकीं चढतें.

पुढें रस्ता वळणें घेत ॲथर्टनच्या पठारावर चढतो. एके काळीं हें सर्व पठार वनानें झांकलेलें होतें. पुढें इमारती लांकूड व दूधदुभतें ह्यांसाठीं त्याचा मोठा भाग तोडला गेला, आणि आतां कुरणांच्या मध्यें वनाचे तुकडे तेवढे उरले आहेत. येथें बॅरीन व ईचम हीं दोन तळीं आहेत. भूगर्भांतील तप्त रस पाण्यास भिडून वाफेचा प्रचंड स्फोट झाला व त्या विवरांत हीं तळीं सांचलीं. ह्या स्फोटाची कथा तेथील आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. १९६० नंतरच्या दशकांत भाषाशास्त्रज्ञ डिक्सन ह्यांनीं ती उतरून घेतली, तेव्हां सांगणाऱ्यानें असेंहि म्हटलें कीं, त्या काळीं येथें दाट वन नव्हतें, उघडें रान होतें. पुढें शास्त्रज्ञांनीं पठारावरील तळ्यांच्या गाळांतील प्राचीन परागकण तपासले, तेव्हां तें म्हणणें खरें ठरलें. स्फोटाच्या काळीं तेथें विरळ रानच होतें! ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांनीं हजारों वर्षांची आठवण मुखानें जपून ठेविली, ही गोष्ट पुस्तकी विद्येचा अभिमान बाळगणाऱ्या आपण सर्वांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

जवळच 'पडद्याचें झाड' आहे. वडाच्या कुळांतील ह्या वृक्षाचें बीं पक्ष्यानें दुसऱ्या झाडाच्या शेंड्यावर टाकलें; तें तेथेंच रुजून त्याचीं मुळें खालीं उतरलीं व त्यांनीं आश्रयदात्यास आवळून टाकलें. तें झाड शेजारच्या झाडावर कललें, आणि कललेल्या खोडावरून मुळांचा उंच पडदा जमिनीपर्यंत लोंबला. वर्षावनांत प्रकाशासाठीं केवढी चढाओढ चालते, हें येथें एका दृष्टिक्षेपांत कळतें.

आतां केर्न्सहून उत्तरेकडे वळूं. समुद्रकांठच्या रस्त्यानें मॉसमनची घळ पाहून पुढें गेलें कीं, डेंट्री नदी आडवी येते. तीवर पूल नाहीं. दोरखंडाच्या आधारें चालणाऱ्या तराफ्यावर मोटारी चढवून पार नेतात. आणि नदींत मोठाल्या सुसरी असल्यामुळें कोणी पाण्याजवळ रेंगाळत नाहीं. पलीकडे डेंट्री राष्ट्रीय उद्यानाचें घनदाट रान लागतें. येथें हृदयाकृति पानांचें एक झुडूप आहे. त्याच्या कांचेसारख्या सूक्ष्म कुसळांचा स्पर्श झाला असतां होणारी वेदना कित्येकदां महिनोन् महिने टिकते. म्हणून पायवाट सोडूं नये. ह्याच रानांत १९७१ सालीं कांहीं गुरें विषबाधेनें मेलीं. त्यांच्या पोटांत सांपडलेल्या बियांवरून, १९०२ सालीं एका जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञास आढळलेला व पुढें नाहींसा झाला असें वाटणारा एक अतिप्राचीन वृक्ष पुन्हां गवसला. न पाहिलेली वस्तु नाहींशीच झाली, असें मानूं नये, हा बोध त्यांत आहे.

ह्या रानाचा खरा माळी कॅसोवरी पक्षी होय. त्यास उडतां येत नाहीं. उंची माणसाएवढी, मान निळी, मस्तकावर शिरस्त्राणासारखा तुरा. मादी अंडीं घालून निघून जाते, आणि नर सुमारें ५० दिवस तीं उबवून पुढें कित्येक महिने पिलांस सांभाळतो. झाडांखालीं पडलेलीं फळें तो अखंड गिळतो, व विष्ठेवाटे त्यांच्या बिया दूरवर पेरतो. ज्या बिया इतर प्राण्यांस गिळवत नाहींत, त्यांना दुसरा वाहक क्वचितच मिळतो. म्हणजे पक्षी गेला तर कालांतरानें वनहि पालटेल. असे पक्षी आतां तेथें अवघे चार हजारांच्या आसपास उरले असावेत, आणि त्यांच्या अपमृत्यूचें एक मोठें कारण म्हणजे भरधाव मोटार! जो रस्ता आपणांस रान दाखवितो, तोच रानाच्या माळ्याचा काळ ठरतो. मनांत बाळगावयाचा प्रश्न म्हणतों तो हाच.

हा प्रश्न तेथील लोकांनीं टाळला नाहीं. १९८३ सालच्या डिसेंबरांत केप ट्रिब्युलेशनच्या उत्तरेस वनांतून नवा रस्ता काढूं लागतांच अनेक स्त्रीपुरुष यंत्रांच्या वाटेंत आडवे आले. कोणी झाडांशीं स्वतःस बांधून घेतलें, कोणी गळ्यापर्यंत जमिनींत पुरून घेतलें. रस्ता थांबला नाहीं. १९८४ सालीं तो पुरा झाला. परंतु ह्या झगड्यानें साऱ्या देशाचें लक्ष ह्या वनाकडे वेधलें, आणि अवघ्या चार वर्षांनीं, प्रांतिक सरकारचा विरोध असतांहि, त्यास जागतिक वारशाचें संरक्षण मिळालें. पुढें २०२१ सालीं डेंट्री उद्यानाची मालकी ईस्टर्न कुकु यलंजी ह्या मूळ रहिवाशांस परत देण्यांत आली, व ते आतां सरकारच्या जोडीनें त्याची व्यवस्था पाहतात. डेंट्री नदीवर पूल हवा कीं तराफाच बरा, हा वादहि तेथें पुष्कळ वर्षें चालत आला आहे. पलीकडे राहणाऱ्यांस दवाखाना व बाजार जवळ व्हावा, हें म्हणणें रास्त आहे. पूल झाल्यास मोटारींचा लोंढा रानांत शिरेल, ही भीतीहि खोटी नाहीं. आमच्या मतें, तराफ्यासाठीं घटकाभर थांबणें ही गैरसोय खरी, पण तेवढ्यानें जर एक वन शांत राहत असेल, तर तें मोल फार नव्हे.

पालकांस आमची एक विनंति आहे. क्वीन्सलंड दूर आहे. पण आपला पश्चिम घाटहि २०१२ सालीं जागतिक वारशांत गणला गेला आहे, आणि त्यांत महाराष्ट्रांतील कोयना, चांदोली, राधानगरी व कास येतात. पावसाळ्यांत मुलांस घेऊन आपण मोटारीनें घाटांत जातों, त्या वेळीं बेडूक, खेंकडे व साप रस्ता ओलांडत असतात. मोटारीचा वेग कमी करावा, कर्णा वाजवूं नये, आणि एखाद्या वळणावर गाडी कडेला उभी करून मुलांस पायीं चालूं द्यावें. वन समजतें तें चालणाऱ्यास. मोटारीनें फक्त त्याच्या दारापर्यंत जावें.